शिव्हॉन मॅकेना: पन्नास मिनिटांच्या एकपात्रीत काय घ्यावं, काय गाळावं?

रंगमंच_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. आयरिश नटी शिव्हॉन मॅकेना यांच्यावर मराठीत एकपात्री बसवायचं ठरलंय. एक नटी, एक पेटीवाला, वेळ पन्नास मिनिटं. पहिला प्रयोग बेळगावात बंद नाट्यगृहात, पुढचा जानेवारीत कडोली-उचगावकडच्या संमेलनाच्या मांडवात. प्रेक्षकांना हे नाव बहुधा ठाऊक नसणार. ‘डॉक्टर झिवागो’ पाहिलेले दोनचार निघतील तेवढेच.

बाईंच्या आयुष्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं? नाटकातले उतारे मराठीत केले तर हक्काची भानगड येते का? बर्नार्ड शॉच्या ‘सेंट जोन’ नाटकातली जोन, म्हणजे इंग्रजांशी लढलेली ती फ्रेंच शेतकऱ्याची पोर, कुठल्या मराठीत बोलावी? आणि शेवटची ती म्हातारीची भूमिका, टॉम मर्फीच्या ‘बालेगनगारे’ नाटकातली, ती एकटीनं झेपण्यासारखी आहे का? जाणकारांनी सविस्तर सांगा की. विकिपीडिया वाचून झालंय, त्याच्या पुढचं हवंय.

वाचक_निपाणी

आधी नाव. इंग्रजी स्पेलिंग बघून बरेच जण ‘सिओभान’ म्हणतात. शिव्हॉन म्हणा, जोर ‘व्हॉन’वर. निवेदनात पहिल्या मिनिटातच नाव दोनदा येऊ द्या, नाहीतर मांडवात मागच्या रांगेपर्यंत ते पोचत नाही.

जन्म २४ मे १९२२, बेलफास्ट. जुन्या संदर्भांत १९२३ सापडेल, १९२२ धरा. घरची भाषा आयरिश. वडील गणिताचे प्राध्यापक. त्यांना गॉलवेच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जागा मिळाली आणि बाईंच्या लहानपणीच कुटुंब पश्चिम किनाऱ्यावर गेलं. त्याच गावात १९२८ साली ‘अन टायवर्क’ हे आयरिश भाषेतलं नाट्यगृह सुरू झालं होतं. शिकत असतानाच बाई तिथं काम करू लागल्या. लेडी मॅकबेथ त्यांनी केली तीही आयरिशमध्ये. इंग्रजी रंगभूमीवर नाव व्हायच्या आधी मोठ्या भूमिकांची सगळी तालीम दुसऱ्या भाषेत झाली होती, हे तुमच्या संहितेत ठळक आलंच पाहिजे. पुढचं सगळं त्यातून निघतं.

चाळीसच्या दशकात डब्लिनचं ॲबी थिएटर. तिथले कारभारी अर्नेस्ट ब्लाय. नव्या नटाला आयरिश आलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यापायी चांगले नट बाहेर राहिले, अशी टीका त्यांच्यावर पुष्कळ झाली. बाईंना मात्र ती अट पथ्यावर पडली. गंमत म्हणजे अर्थमंत्री असताना टायवर्कला सरकारी अनुदान देणारेही हेच ब्लाय. १९४६ साली ॲबीतलेच नट डेनिस ओडे यांच्याशी लग्न. मुलगा डोनाखा १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकला पोहला आणि पुढं पोकरमध्ये नाव काढलं. हे एकपात्रीत नको, खरं मध्यंतराच्या चहाला सांगायला बरं आहे.

आता मुख्य टप्पा. शॉचं ‘सेंट जोन’ बाईंनी स्वतः आयरिशमध्ये भाषांतरित केलं आणि १९५० साली टायवर्कमध्ये जोन केली. १९५३ला डब्लिनच्या गेट थिएटरसाठी तीच भूमिका इंग्रजीत. १९५४ला लंडनचं आर्ट्स थिएटर, तिथून १९५५मध्ये वेस्ट एंडचं सेंट मार्टिन्स. त्या वर्षी ‘इव्हनिंग स्टँडर्ड’चे नाट्यपुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले. उत्कृष्ट अभिनेत्रीचा यांना मिळाला. १९५६ला न्यूयॉर्कचं फिनिक्स थिएटर, आणि त्याच सप्टेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फोटो. सहा वर्षं, दोन भाषा, चार शहरं आणि एकच भूमिका. तुमच्या पन्नासातली पंचवीस मिनिटं इथं गेली तरी हरकत नाही.

इथं एक बारकावा आहे. इंग्रजीत जोन करताना बाईंनी लंडनचे नाटकी उच्चार घेतले नाहीत. पश्चिम आयर्लंडच्या खेड्यातला हेल तसाच ठेवला. जोन शेतकऱ्याची पोर, तेव्हा ती दरबारातल्या माणसांसारखी बोलेलच कशी? समीक्षकांना या जोनमध्ये जो ताजेपणा दिसला त्याचं मोठं कारण हे. भूमिका आधी आयरिशमधून गेल्यामुळं वाक्यांची लय इंग्रजी पाठांतराची राहिलीच नव्हती, असं माझं मत. कॅडमन कंपनीनं त्यांच्या आवाजातलं ‘सेंट जोन’ ध्वनिमुद्रित केलंय. नटीला ते ऐकवा. नक्कल करायला नव्हे, श्वास कुठं घेतलाय ते टिपायला.

मधली वर्षं पळवा. ‘द चॉक गार्डन’ (ब्रॉडवे, १९५५) आणि ‘द रोप डान्सर्स’ (१९५७) या दोन्हींना टोनी या अमेरिकन नाट्यपुरस्काराचं नामांकन, पारितोषिक नाही. १९५७मध्ये कॅनडाच्या स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधली व्हायोला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये चक्क हॅम्लेट. आयरिश नाटककार जे. एम. सिंगच्या ‘प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’मधली पेगीन माईक त्यांनी १९५१च्या एडिंबरा महोत्सवापासून पुन्हापुन्हा केली. १९६२चा चित्रपट आहे, मिळाला तर बघा. त्यात त्या पेगीनच्या वयापेक्षा उघडच मोठ्या दिसतात, खरं बोलणं ऐका. ‘किंग ऑफ किंग्ज’मधली मेरी, ‘झिवागो’मधली ॲना, ही कामं छोटी. एका वाक्यात उरका. सिनेमानं त्यांना फारसं काही दिलं नाही आणि त्याही सिनेमामागं धावल्या नाहीत.

१९७०ला ‘हिअर आर लेडीज’ हा त्यांचा स्वतःचा एकपात्री प्रयोग: शॉ, सिंग, ओकेसी, येट्स, बेकेट, जॉइस यांच्या स्त्रिया एकामागून एक. तुम्ही एकपात्री करताय, तेव्हा रचनेसाठी हाच नमुना धरा. १९७५ला राष्ट्राध्यक्षांनी त्यांना सल्ला देणाऱ्या राज्य परिषदेवर नेमलं. आणि डिसेंबर १९८५मध्ये गॉलवेच्याच ड्रुइड कंपनीत, गॅरी हाइन्स यांच्या दिग्दर्शनाखाली, टॉम मर्फीच्या ‘बालेगनगारे’त मोमो ही खाटेवरची म्हातारी. १६ नोव्हेंबर १९८६ला फुफ्फुसाच्या कर्करोगानं डब्लिनमध्ये गेल्या. दफन गॉलवेला, ‘राहून’ नावाच्या स्मशानभूमीत.

प्रॉम्प्टर_शहापूर

हक्काचं सांगतो. भारतात लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. त्या हिशेबानं सिंग (१९०९), येट्स (१९३९), जॉइस (१९४१) केव्हाच मोकळे झाले. शॉ १९५०ला गेला, म्हणजे २०१०च्या अखेरीस संपलं. ओकेसी १९६४ला गेला, तो २०२५च्या १ जानेवारीपासून मोकळा. बेकेट १९८९ला गेला, २०४९ संपेपर्यंत हात लावायचा नाही. मर्फी २०१८ला गेला, त्याचं तर विचारूच नका.

दोन ठिकाणी लोक फसतात. मूळ नाटक मोकळं असलं तरी दुसऱ्यानं केलेलं मराठी भाषांतर मोकळं नसतं, त्याचा हक्क वेगळा. म्हणून इंग्रजीवरून स्वतःच भाषांतर करा. शॉचा पाठ मिळायला अडचण नाही. दुसरं, प्रयोगाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल तर तिकडचे कायदेही बघावे लागतात. ब्रिटन-आयर्लंडात सत्तर वर्षं आहेत. शॉ तिथंही २०२०ला संपला, ओकेसी मात्र २०३४पर्यंत चालू आहे. तेव्हा ओकेसीच्या ‘जुनो अँड द पेकॉक’चा तुकडा मांडवात करा, चित्रीकरणातून वगळा. बाईंच्या रेकॉर्डचे तुकडे प्रयोगात वाजवायचा मोहही टाळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क लेखनापासून वेगळा असतो, आणि नटीच्या आवाजाशेजारी खरा आवाज वाजला की नटी पडते, हा दुसरा तोटा.

वेळेचं गणित: रंगमंचावर विराम धरून मिनिटाला शंभर मराठी शब्द. पन्नास मिनिटं म्हणजे पाच हजारच्या वर संहिता नको. बहुतेक संहिता सात हजारांच्या होतात, आणि मग नटी धावत सुटते. निवेदन दोन हजार, ‘सेंट जोन’ सतराशे, पेगीन पाचशे, जॉइसच्या ‘युलिसिस’मधली मॉली ब्लूम तीनशे, उरलेलं मोमोच्या भागाला. यात पेटीला वेगळी मिनिटं नाहीत. पेटी निवेदनाखाली वाजली तर ऐकू येत नाही आणि वर वाजली तर निवेदन ऐकू येत नाही. दोन तुकड्यांमध्ये वीस सेकंद, बस्स.

अक्का_खानापूर

जोनच्या भाषेबद्दल. शॉनंच वाट करून दिली आहे. मूळ इंग्रजीत जोनच्या तोंडी मधूनच गावठी उच्चार घातलेत. ती ‘कम’चं ‘कूम’ करते, युवराजाला ‘चार्ली’ म्हणते, पोलेंजी नावाच्या सरदाराचा ‘पॉली’ करते. तिला कुणाची भीड नाही आणि त्यात उर्मटपणाही नाही. हे पुणेरी मराठीत आलं तर नुसतं आगाऊ वाटतं. आपल्या खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या बोलीत आलं तर जागेवर बसतं.

पहिल्याच प्रवेशातला तुकडा घ्या. किल्लेदाराच्या कोंबड्या अंडी घालेनात म्हणून तो कारभाऱ्यावर खेकसतोय. कारभारी सांगतो, दारात बसलेल्या त्या पोरीचं ऐका म्हणजे घालतील. मग जोन येते आणि घोडा, चिलखत, शिपाई मागते. घोड्याची किंमत ती स्वतःच सांगते:

‘घोड्याला सोळा फ्रँक पडत्यात. लई झालं खरं, चिलखतात मी वाचवतो की. शिपायाचंच एकादं अंगाला बसतंय काय बघतो.’

आपल्याकडच्या बायका ‘मी वाचवतो, मी बघतो’ असंच बोलतात. पुरुषी कपडे घालते म्हणून जिच्यावर खटला चालला, तिच्या तोंडी हे आपसूक येतं, काही वेगळं करावं लागत नाही. पण पुण्या-मुंबईत प्रयोग करणार असाल तर सुरुवातीच्या निवेदनात नटीनं स्वतःही दोन वाक्यं तशीच बोलावीत. नाहीतर प्रेक्षक पाच मिनिटं व्याकरण तपासत बसतात.

समोरचे सगळे, किल्लेदार, बिशप, इन्क्विझिटर म्हणजे धर्मपीठाचा न्यायाधीश, प्रमाण मराठीत. एकटी नटी सगळे आवाज काढणार असेल तर हाच फरक उपयोगी पडतो. आवाज बदलायची गरज राहत नाही, भाषा बदलली की माणूस बदलतो.

यात बिघडतं कुठं ते सांगते. बोलीला पहिल्या प्रवेशात हशा मिळतो आणि नटी हशाच्या मागं लागते. ‘लई’, ‘व्हय’, ‘काय की’ वाढत जातात. मग सहाव्या प्रवेशात, खटल्यात, तीच बोली आली की लोक हसायच्या तयारीतच असतात. म्हणून संहितेत बोलीचं प्रमाण आधीच ठरवा आणि पहिल्या तालमीपासून शेवटपर्यंत तेवढंच ठेवा. क्रियापदं आणि हेल बोलीतले, नामं शक्यतो साधी. आणि हेल ऐकायचा तर सिरियलीतून घेऊ नका. तिथली ग्रामीण भाषा कुठल्याच गावाची नसते.

खटल्यातला भाग: जोन घाबरून कबुलीवर सही करते, मग कळतं की सुटका नाही, जन्मठेप आहे. ती कागद फाडते आणि बोलते. भाकर-पाण्याचं दुःख नाही, खरं आभाळ, शेतं, फुलं दिसू द्यायची नाहीत, झाडांतला वारा, उन्हातले चंडोल, हिवात ओरडणारी कोकरं, देवळाच्या घंटा ऐकू द्यायच्या नाहीत. मूळ यादी लांब आहे आणि श्वास पुरत नाही. नव्वद टक्के नट्या कागद फाडतानाच आवाज टिपेला नेतात, मग पुढं चढायला जागा राहत नाही. कागद फाडून झाल्यावर थांबा. पहिली तीन वाक्यं खालच्या पट्टीत, जवळजवळ हिशेब सांगितल्यासारखी. यादीत दर वस्तूला ती दिसली पाहिजे, आवाज वाढायला नको. ‘कोकरं’च्या आधी पूर्ण श्वास. ‘लार्क’ला चंडोलच म्हणा. कोकिळा किंवा चिमणी नको, चंडोल उडता उडता गातो आणि आपल्या माळावर तो आहेच.

कागद खरा जाड घ्या. झेरॉक्सचा पातळ कागद मांडवातल्या माइकवर पापड मोडल्यासारखा वाजतो.

हौशी_हिंदवाडी

अक्का, बोलीचं झकास. यावरूनच एक सुचलं. इंग्रज सरदार आणि शिपाई कन्नडमध्ये बोलले तर? आपल्या लोकांना मुद्दा न सांगता कळेल. टाळ्या तर ठरलेल्या.

वाचक_निपाणी

टाळ्या पडतील आणि नाटक तिथंच संपेल. नको.

एक तर ‘सेंट जोन’मध्ये खलनायक नाही. शॉनं प्रस्तावनेतच तसं स्पष्ट लिहून ठेवलंय. जोनला दोषी ठरवणारं न्यायपीठ फ्रेंच धर्मगुरूंचं आहे, तिच्याच भाषेतल्या माणसांचं. बिशप कोशों तिला वाचवायला शेवटपर्यंत धडपडतो. इंग्रजांना एका भाषेत आणि फ्रेंचांना दुसऱ्या भाषेत टाकलंत की ज्यांनी खरा निकाल दिला ते आपोआप सुटतात. सहाव्या प्रवेशाचा कणाच मोडतो.

दुसरं, आयर्लंडची गोष्ट आपल्या सीमाभागावर चिकटत नाही. गॉलवेचं आयरिश नाट्यगृह सरकारच्या विरोधात उभं राहिलेलं नव्हतं, सरकारी अनुदानावर चालत होतं. आयरिश ही घटनेनं पहिली राजभाषा, आणि रोजच्या व्यवहारात बहुसंख्य लोक इंग्रजी बोलणारे. म्हणजे कागदावर राणी आणि बाजारात कुणी विचारत नाही. मराठीचं इथलं दुखणं जवळजवळ उलटं आहे. घराघरांत, बाजारात भाषा आहे, कागदावर जागा नाही. हे दोन प्रश्न एकमेकांवर ठेवले तर दोन्ही चुकीचे दिसतात.

बाई राजकारणापासून लांब होत्या असंही नाही. १९५९मध्ये अमेरिकन टीव्हीवर एड मरोच्या कार्यक्रमात त्या आयरिश रिपब्लिकनांबद्दल, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून सोडवू पाहणाऱ्यांबद्दल, सहानुभूतीनं बोलल्या. उत्तर आयर्लंडात गदारोळ झाला आणि बीबीसीनं पुढचा भाग मागं घेतला. हा प्रसंग दीड मिनिटात सांगता येतो, सांगा. पण तो त्यांचा म्हणून सांगा.

आणि आपल्या रंगभूमीचा इतिहास बघा की. विष्णुदास भाव्यांनी १८४३ला सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून. शाकुंतल मराठीत आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे. इथल्या नाटकाला कन्नड परकी कधीच नव्हती. तुमच्या नटीला कन्नड चांगली येत असेल तर एक वेगळं सुचवतो. सुरुवातीला, बाई आयरिशमध्ये जोन करत होत्या हे सांगताना, जोनची दोन वाक्यं कन्नडमध्ये म्हणावीत आणि लगेच तीच मराठीत. एकाच तोंडातून दोन्ही. त्यांनी काय केलं ते प्रेक्षकांना तीस सेकंदांत कळेल, पुढं स्पष्टीकरण लागणार नाही.

हौशी_हिंदवाडी

हे जास्त बरं आहे. मान्य.

रंगमंच_टिळकवाडी

वाचकराव, अक्का, फार उपयोग झाला. नटीला कन्नड येते, ते वाक्य घेतोच. पेगीनला पाचशे शब्द पुरतील का? आणि मोमोचं अजून कुणी बोललं नाही. हक्क नाहीत म्हणजे तो भाग सोडूनच द्यायचा?

प्रॉम्प्टर_शहापूर

पेगीनला पाचशे भरपूर. शेवटचाच भाग घ्या: बापाचा खून केला म्हणून ख्रिस्टी नावाच्या ज्या पोराला गावानं डोक्यावर घेतलं, त्याचा मेलेला बाप जिवंत परत येतो, आणि पेगीन ख्रिस्टीवर उलटते. तो निघून गेल्यावर मात्र तिला कळतं आपण काय घालवलं. त्या शेवटच्या वाक्याला रडू नका. सिंगनं तिथं आक्रोश लिहिलाय, आणि आक्रोशात रागही असतो. १९०७ला ॲबीत या नाटकावर दंगा झाला होता हे एका ओळीत सांगा, लोक सावरून बसतात. सिंगची भाषा म्हणजे आयरिश वाक्यरचनेत बोललेलं इंग्रजी. मराठीत करताना वाक्य उलटं फिरवायला घाबरू नका: ‘गेला की तो, माझ्या हातानंच घालवला मी त्याला’ असं.

तालीममास्तर_वडगाव

मोमोवर मी लिहितो. भाग सोडू नका, मात्र मर्फीचं एकही वाक्य घेऊ नका. संवाद घ्यायचे असतील तर हक्कधारकांची लेखी परवानगी लागते, आणि ती भाषांतराला वेगळी, प्रयोगाला वेगळी. कथानक निवेदनातून सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

कथानक असं. साल १९८४, खेड्यातलं स्वयंपाकघर, मध्ये खाट. खाटेवर मोमो, वयानं भ्रमिष्ट झालेली. रोज रात्री एकच गोष्ट सांगायला घेते आणि कधीच संपवत नाही. गोष्ट एका गावात झालेल्या हसण्याच्या पैजेची आहे. त्या रात्रीपासून त्या गावाला ‘बिनहसूचं गाव’ हे नाव पडलं. नाटकाचं नाव तेच. सांभाळ करणारी थोरली नात मेरी ठरवते की आज गोष्ट संपवूनच घ्यायची. हळूहळू कळतं की पैजेतली अनोळखी बाई म्हणजे मोमो स्वतःच. ती आणि तिचा नवरा तिकडं अडकले आणि घरी एका नातवाचा जीव गेला. हे ती तिसऱ्याच कुणाचं म्हणून सांगत आलेली असते. गोष्ट संपते तेव्हा दुःख तिच्या नावावर येतं.

ही भूमिका अवघड का, तर तीन कारणं. नटी जवळजवळ सगळा वेळ खाटेवर, म्हणजे पाय आणि चाल काढून घेतलेली. बोलणं जुन्या आयरिश शब्दांनी भरलेलं इंग्रजी, ज्याला लय नसेल तर अर्थ राहत नाही. आणि सगळ्यात घातक म्हणजे आवर्तनं. तेच शब्द थोड्या फरकानं पुन्हा येतात. पाठांतरात तिसऱ्या फेरीतलं वाक्य पहिल्या फेरीत आलं की नटी दहा पानं पुढं उडी मारते आणि समोरच्या दोघी उघड्या पडतात. पहिल्या प्रयोगात मेरीचं काम मारी मुलन यांनी केलं. त्यांनीच २०१४मध्ये मोमो केली. मॅकेनाबाईंची १९८५मध्ये साठी उलटली होती, वर्षभरातच त्या गेल्या. आयरिशमध्ये वाढलेला कान नसता तर ती भाषा अशी उभी राहिली नसती, असं जाणकार म्हणतात ते पटतं.

तुमच्या प्रयोगात आवर्तनाचं तंत्र तेवढं उचला, शब्द नकोत. निवेदनात बाईंच्या आयुष्यातलंच एक वाक्य ठरवा, समजा ‘गॉलवेत एक मुलगी होती, तिला दोन भाषा होत्या’. ते तीनदा येऊ द्या: सुरुवातीला पूर्ण, जोननंतर अर्धवट तुटलेलं, मोमोच्या भागात खाटेवरून. संहितेत या तिन्ही जागा वेगळ्या रंगाच्या शाईनं १, २, ३ अशा लिहा, आणि प्रत्येकीनंतरचा पहिला शब्द वेगळ्या अक्षरानं सुरू होईल असं बघा. उडी मारायचा धोका तिथंच असतो. विंगेतल्या प्रॉम्प्टरनं वाक्य सांगायचं नाही, आकडा सांगायचा.

खाट लोखंडी नको, करकरते. दोरीची बाज घ्या, उंची दीड फूट, पण सुंभ आदल्या दिवशी ताणून घ्या, नाहीतर नटी बुडते आणि पुढच्या चार रांगांना फक्त गुडघे दिसतात. बाज प्रेक्षकांशी तिरकी, उशी बाजूच्या विंगेकडं. आधीच्या भागांत तीच बाज उभी केली तर तुरुंगाची जाळी होते, वेगळा सेट लागत नाही.

अक्का_खानापूर

वेशभूषेचं मी जोडते. हिरवं काही नको, तिपानी (आयर्लंडची खूण असलेलं तीन पाकळ्यांचं पान) तर मुळीच नको. आयर्लंड म्हटलं की लोक तेच करतात. गडद रंगाचा लांब झगा, त्यावर एकच लोकरी शाल. जोनला शाल कमरेला घट्ट, पेगीनला खांद्यावरून मागं बांधलेली, मोमोला डोक्यावरून. केसांना पांढरी पावडर नको, बाजेवर आडवं झाल्यावर ती गडद कपड्यावर उतरते. म्हातारपण दाखवायचं तर बोटं वापरा: शाल सतत चाचपणारी बोटं. जोन करताना हात शांत ठेवले असतील तरच हा फरक दिसेल, तेव्हा जोनला हातवारे कमी.

रंगमंच_टिळकवाडी

मांडवात माइक कुठला घ्यावा? कॉलरचा की स्टँडचा? पहिल्या प्रयोगाला नाट्यगृहात माइक वापरायचाच नाही असं ठरतंय.

प्रॉम्प्टर_शहापूर

बंद नाट्यगृहात बिनमाइकचं चालेल, पण पंखे बंद करायला सांगा. तालमीला पंखे बंद असतात आणि प्रयोगाला चालू होतात, तिथंच आवाज कमी पडतो.

मांडवात कॉलरचा माइक शालीला घासतो, दर तिसऱ्या शब्दाला खरखर. कानामागून गालावर येणारा मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर दोन स्टँड: एक मध्यभागी उभ्या नटीसाठी, दुसरा बाजेच्या उशीजवळ, जमिनीपासून अडीच फुटांवर, तोंडापासून वीतभर लांब. दुसरा माइक मोमोचा भाग येईपर्यंत बंदच ठेवा, नाहीतर शिट्टी मारतो. साउंडवाल्याला संहितेची एक प्रत द्या आणि चालू-बंद करायच्या जागा खुणा करून द्या, ‘बघून करा’ म्हणू नका, तो मोबाईल बघत असतो. मांडवातल्या स्पीकरना प्रतिध्वनीचं बटण असतं आणि भाषणांसाठी ते फिरवलेलंच असतं. आधीच्या वक्त्याचं भाषण संपलं की ते शून्यावर आणायला माणूस उभा करा. आणि जनरेटर रंगमंचाच्या मागं असेल तर किमान शंभर फूट लांब हलवायला संयोजकांना आदल्या दिवशीच सांगा, प्रयोगाच्या वेळी कुणी हलवत नाही.